जेलरोडवरचा वर्ग

नाशिकरोडच्या माणसाला ‘कुठं राहता?’ म्हणून विचारलं आणि तो ‘जेलरोडला’ म्हणाला, तर इथलं कुणी दचकत नाही. दचकतो तो पाहुणा. सोयरीक जुळवायला आलेली परगावची मंडळी तर पत्ता ऐकून क्षणभर एकमेकांकडं बघतात. आम्हाला त्या शब्दात तुरुंग ऐकूच येत नाही. आम्हाला ऐकू येतो तो भाजीबाजार, क्लासेसच्या पाट्या, आणि सकाळी सातच्या ठोक्याला दप्तर पाठीवर टाकून निघालेली पोरं. नावं ठेवण्यात आमचं गाव तसं रोखठोक. पुणे रस्त्यावर नाशिक आणि नाशिकरोडच्या मधे एक वस्ती आहे, तिचं नावच ‘उपनगर’.

या भागात शाळा पुष्कळ आहेत. पुरुषोत्तम इंग्लिश स्कूल आहे, गोखले एज्युकेशन सोसायटीचं १९६३ पासूनचं बिटको कॉलेज आहे, साने गुरुजींच्या नावानं चालणारी शिक्षणसंस्था आहे, देवळालीच्या अंगाला बार्न्स आहे. प्रत्येक शाळेचा रौप्यमहोत्सव झाला, सुवर्णमहोत्सव झाला, स्मरणिका निघाल्या. पण नाशिकरोडच्या शालेय इतिहासातलं सर्वांत मोठं प्रकरण मला यांपैकी कुठल्याच स्मरणिकेत ठेवता येत नाही. ते घडलं जेलरोडला, उंच दगडी भिंतीच्या आत, ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या दिवसांत. त्यात एक हायस्कुलातला माजी मास्तर होता. विद्यार्थी समोर नव्हते, ते दूर अमळनेरला राहिले होते. वर्ग मात्र भरला.

आधी जागा समजून घेऊ. आगगाडी आली तेव्हा रूळ नाशिक शहराला टाळून गेले. गोदावरी, काळाराम, रविवार कारंजा हे सगळं स्टेशनापासून आठ-नऊ किलोमीटर राहिलं. त्र्यंबकेश्वर-पंचवटीच्या यात्रेकरूंनी स्टेशनावर उतरायचं आणि टांग्यात बसायचं. मधे काही वर्षं घोड्यांनी ओढायची ट्रामसुद्धा होती. स्टेशनाला ‘नाशिकरोड’ म्हणायचं, कारण ते नाशिक नव्हतंच. नाशिकला जाणाऱ्या रस्त्याचं ते तोंड होतं. आजूबाजूला माळ. माळाला मालकाचं कौतुक नसतं आणि सरकारला मोकळी जमीन आवडते. मुंबई रेल्वेनं सुमारे १८८ किलोमीटर, हवा कोरडी, आणि दारात मुख्य लाइन.

मग चार-पाच वर्षांत या माळावर एकामागून एक इमारती उभ्या राहिल्या. जानेवारी १९२५ मध्ये देवळालीला बार्न्स स्कूल उघडलं. मुंबईतल्या बॉम्बे एज्युकेशन सोसायटीची ही शाळा. भायखळ्याची मुलं उचलून इथल्या मोकळ्या हवेत आणली. त्याच वर्षी सिक्युरिटी प्रेसची सुरुवात झाली. तोवर हिंदुस्थानची टपालतिकिटं लंडनला डी ला रू कंपनीत छापून जहाजानं येत. १९२७ मध्ये मध्यवर्ती कारागृह. १९२८ मध्ये नोटांचा छापखाना. साहेबाची शाळा, साहेबाचे पैसे आणि साहेबाचा तुरुंग असा सगळा सरंजाम एका स्टेशनाभोवती जमला. यातल्या तुरुंगाची भरती सर्वांत वेगानं झाली. १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह पेटला, १९३२ मध्ये पुन्हा कायदेभंग सुरू झाला, आणि मुंबई इलाख्यातल्या कायदेभंगवाल्यांना ठेवायला बराकी पुरेनात.

त्याच काळात तिकडं शहरात काळारामाच्या दारात दुसराच लढा चालू होता. २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह वर्षानुवर्षं चालला. दादासाहेब गायकवाडांनी त्याची धुरा वाहिली. विशीतला एक कॉलेजकुमार, वि. वा. शिरवाडकर, १९३२ मध्ये त्यात उतरला होता. म्हणजे त्या तीन-चार वर्षांत नाशिक परिसरात माणसं दोन वेगवेगळ्या दारांपुढं उभी होती. एका दारातून आत सोडत नव्हते, दुसऱ्यातून बाहेर.

नाशिकरोडच्या तुरुंगाला विद्यापीठ म्हणण्याची पद्धत पुढं पडली, आणि ती उगाच नाही. १९३२-३३ मध्ये इथं जयप्रकाश नारायण होते. अमेरिकेत सात वर्षं शिकून, हॉटेलात बशा धुऊन, द्राक्षांच्या मळ्यात मजुरी करून परतलेले. मिनू मसानी होते, ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे. अच्युत पटवर्धन, अशोक मेहता, ना. ग. गोरे होते. सगळे विशी-तिशीतले. वाचन, वाद, टिपणं, पुन्हा वाद. काँग्रेसमध्ये राहूनच समाजवाद्यांचा पक्ष काढायचा हा विचार इथल्या बराकीत पिकला आणि मे १९३४ मध्ये पाटण्याला आचार्य नरेंद्र देवांच्या अध्यक्षतेखाली त्याची बैठक भरली. भारतीय राजकारणाच्या पुस्तकात नाशिकरोडचा तुरुंग येतो तो एवढ्यासाठी. राजकारणाचे अभ्यासक या पानावर थांबतात आणि पुढं पाटण्याची गाडी पकडतात.

मी थांबतो त्याच तुरुंगातल्या दुसऱ्या एका माणसापाशी. तो वादविवादाच्या गराड्यातला गडी नव्हता. त्याला बोलायला लागत ती लहान मुलं.

पांडुरंग सदाशिव साने, म्हणजेच साने गुरुजी. जन्म २४ डिसेंबर १८९९, पालगड, कोकण. दापोलीला मिशन शाळेत शिकले, मग गरिबीनं औंधला नेलं, मग पुण्याच्या नूतन मराठी विद्यालयातून मॅट्रिक. पदवी घेतल्यावर अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात अभ्यासाला आले. आले होते ब्रह्म-मायेचा विचार करायला, पण मंदिरातल्या शांततेत त्यांचा जीव रमेना. जून १९२४ मध्ये खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या हायस्कुलात ते मास्तर झाले. हीच पुढं प्रताप हायस्कूल म्हणून ओळखली गेलेली शाळा. सहा वर्षं नोकरी केली. मराठी साहित्यात, आणि मी तर म्हणेन महाराष्ट्राच्या शाळांत, जे पुढं झालं त्याचं मूळ या सहा वर्षांत आहे. त्यातही वर्गापेक्षा वसतिगृहात.

त्या काळचं हायस्कूल म्हणजे काय, हे आजच्या मुलांना सांगावं लागतं. मराठी चौथी झाली की इंग्रजी पहिली. इंग्रजी सातवी म्हणजे मॅट्रिक. खेड्यात मराठी शाळा असायची, इंग्रजी शाळा तालुक्याच्या किंवा व्यापारपेठेच्या गावी. म्हणून दहा-बारा वर्षांचं पोर वळकटी, पेटी आणि भाकरीचं गाठोडं घेऊन घर सोडायचं. कुणी वार लावून जेवायचं, कुणी नातेवाइकाच्या ओसरीवर पडायचं, नशीबवान असेल तर बोर्डिंगात. महाराष्ट्रातलं शिक्षण पसरलं ते शाळांइतकंच बोर्डिंगांनी पसरलं. नाशिकचंच बघा: १९१४ चं उदोजी मराठा बोर्डिंग नसतं तर जिल्ह्यातली किती शेतकऱ्यांची मुलं इंग्रजी पाचवीच्या पुढं गेली असती? बोर्डिंग म्हणजे छप्पर आणि दोन वेळचं जेवण, हा झाला हिशेबाचा भाग. संध्याकाळी दिवे लागल्यावर आईची आठवण येऊन उशीत तोंड खुपसणाऱ्या मुलाचं काय करायचं, याला हिशेबाच्या वहीत रकाना नसतो.

अमळनेरच्या छात्रालयाची जबाबदारी साने मास्तरांकडं आली, आणि त्यांनी नेमका तो रकाना उघडला. मुलं शाळेत गेली की हा माणूस खोल्यांतून फिरे. पसरलेली अंथरुणं घडी घालून ठेवी, कंदिलाच्या काचा पुसे, कोपऱ्यात फेकलेले मळके कपडे धुऊन वाळत टाकी. बोलत काहीच नसे. मुलं परत येऊन बघत, आधी हसत, मग ओशाळत, मग स्वतःच आवरायला लागत. शिक्षेचा हा प्रकार आज कुठल्या शाळेच्या नियमावलीत बसेल असं वाटत नाही. पगारातला मोठा भाग कुणाच्या फीत, कुणाच्या औषधात जाई.

आणि रोज सकाळी छात्रालयात एक हस्तलिखित दैनिक लागे. नाव ‘छात्रालय’. मास्तर पहाटे उठून स्वतःच्या हातानं ते लिहून काढत. त्यात देशातल्या घडामोडी, थोरांची चरित्रं, एखादी कविता, एखादी कानउघाडणी. रोज! शाळेचं वार्षिक हस्तलिखित काढताना संपादक मंडळाची काय दमछाक होते, ते ज्यांनी काढलंय त्यांना विचारा. इथं एकच संपादक, तोच लेखक, तोच लेखनिक, आणि वाचक दात घासता घासता उभ्यानं वाचणारे. पुढं १९२८ मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ नावाचं मासिक काढलं, ते छापील. पण त्यांची खरी लेखनशाळा ते भिंतीवरचं दैनिक होतं असं मला वाटतं. साने गुरुजींच्या गद्यातली ती लहान लहान वाक्यं, एकाच गोष्टीला दोनदा-तीनदा हात लावणं, मधेच ‘बाळांनो’च्या सुरात वळणं, हे सगळं समोर उभ्या असलेल्या वाचकासाठी लिहिल्यानं आलेलं आहे. त्या वाचकाला शाळेची घंटा व्हायच्या आत मजकूर संपवायचा होता.

एप्रिल १९३० मध्ये मास्तरांनी नोकरी सोडली आणि मिठाच्या सत्याग्रहात उडी घेतली. लगेच अटक. धुळे, तिथून थेट त्रिचनापल्ली. त्या लांबच्या तुरुंगातही हा माणूस विद्यार्थीच राहिला: दक्षिणेतल्या राजकैद्यांकडून तमिळ शिकला, आणि पुढं तिरुवल्लुवरांचं ‘कुरल’ मराठीत आणलं. १९३२ च्या सुरुवातीला पुन्हा अटक, पुन्हा धुळे. तिथं विनोबा होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२, दर रविवारी एक, अशी अठरा रविवारी अठरा प्रवचनं विनोबांनी गीतेवर दिली. कैद्यांपुढं, साध्या मराठीत. ती उतरून घेणारा लेखणीबहाद्दर म्हणजे साने मास्तर. ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक आज हाती आहे ते एका हायस्कूल मास्तराला भराभर टिपणं घ्यायची सवय होती म्हणून. (नाशिकरोडच्या मुक्तिधाम मंदिरात भिंतींवर गीतेचे अठराही अध्याय कोरलेले आहेत. भाविक ते बघत बघत पुढं सरकतात. मला मात्र तिथं गेलं की धुळ्याचा तुरुंग आठवतो.)

धुळ्याहून त्यांची रवानगी नाशिकला झाली. म्हणजे आपल्या जेलरोडला.

९ फेब्रुवारी १९३३, गुरुवार. त्या दिवशी त्यांनी लिहायला घेतलं. दिवसा तुरुंगाचं काम, मोकळ्या वेळी आणि रात्री लेखन. सोमवारी, १३ तारखेच्या पहाटे हात थांबला. एवढ्यात ‘श्यामची आई’चा मोठा भाग कागदावर उतरला होता. नंतर बाहेर आल्यावर काही भर पडली, काही गळलं, आणि १९३५ मध्ये पुस्तक आलं. मराठी घरांत ज्ञानेश्वरी नसेल, गाथा नसेल, पण हे पुस्तक निघतंच. प्रत बहुधा कव्हर सुटलेली असते, कारण ती दोन-तीन पिढ्यांनी वाचलेली असते.

पाच दिवसांत एवढं लिहून होतं का, हा प्रश्न शाळेतच एका मित्रानं मला विचारला होता. आम्हाला निबंधाची तीन पानं भरायला रविवार पुरत नसे. त्याचं उत्तर मला खूप वर्षांनी, पुस्तक पुन्हा उघडल्यावर मिळालं. पुस्तकाला प्रकरणं नाहीत, रात्री आहेत. रात्र पहिली, रात्र दुसरी, अशा बेचाळीस. एक आश्रम आहे, संध्याकाळची प्रार्थना आहे, ती झाली की सोबती गोळा होतात आणि श्याम आपल्या आईची एक आठवण सांगतो. एका बैठकीत सांगून संपेल एवढीच. मग पांगापांग. दुसऱ्या रात्री पुन्हा. कादंबरी अशी बांधत नाहीत. आत्मचरित्रही नाही. असं बांधतात ते वसतिगृहातलं वेळापत्रक. दिवे लागले, प्रार्थना झाली, गोष्ट झाली, आता झोपा.

माझं म्हणणं एवढंच आहे की ‘श्यामची आई’ हा मुळात शाळेचा उपक्रम आहे. अमळनेरच्या छात्रालयात सहा वर्षं तोंडी चाललेलं, मुलांवर पारखून घेतलेलं बोलणं १९३३ च्या त्या चार रात्रींत नाशिकरोडला फक्त उतरवून काढलं गेलं. पाठ असलेल्या गोष्टीला पाच दिवस खूप झाले. समोर मुलं नव्हती, म्हणून मास्तरांनी आश्रम मांडला आणि त्यात श्रोते बसवले. मुलांशिवाय त्यांना गोष्ट सांगताच येत नव्हती.

असं मानलं की या पुस्तकावरचा जुना आक्षेपही वेगळा दिसायला लागतो. फार रडवतं, फार गोड आहे, आई फार थोर आहे, असं म्हणणारे टीकाकार चुकीच्या खुर्चीत बसून वाचतात. त्यांनी बोर्डिंगात, घरापासून दूर, बारा वर्षांच्या मुलाच्या अंथरुणावर बसावं. त्यातली आई गोडही फारशी नाही. श्याम पोहायला घाबरतो, लपून बसतो, तेव्हा तीच फोक घेऊन त्याला झोडपते आणि विहिरीवर पाठवते. न उमललेल्या कळ्या तोडून आणल्या तर बोलते. ओझं डोक्यावर न चढणाऱ्या म्हातारीला, ती अस्पृश्य असली तरी, हात लावून ये म्हणून पोराला पिटाळते. काळारामाच्या दारातला लढा चालू होता, त्याच काळात तिथून आठ-नऊ किलोमीटरवर हे लिहिलं जात होतं. पुढं १९४७ मध्ये पंढरपूरचं देऊळ उघडावं म्हणून याच मास्तरांनी दहा दिवस उपास केला, तो अचानक उगवलेला नव्हता.

आणि शाळा? ती पुस्तकात जागोजाग आहे. मला सर्वांत आवडतो तो दापोलीतला प्रसंग. शिकायला परगावी असलेला श्याम घरून खाऊला येणारा आणा-दोन आणा खात नाही, साठवतो. त्यातून धाकट्या भावासाठी कोट शिवून घेतो आणि गणपतीला घरी न्यायचं ठरवतो. पाऊस मी म्हणत असतो, ओढे भरून वाहत असतात, पोरगा पायी निघतो. कोट भिजू देत नाही. घरी पोचतो तेव्हा पाठ थोपटून घेण्याआधी हिशेब द्यावा लागतो: पैसे आणले कुठून? शाळेतल्या मुलाच्या आयुष्यातला सर्वांत मोठा आर्थिक व्यवहार, आणि त्यात चोरीचा संशयही आहे. असं लिहायला मास्तर असावं लागतं. वर्गात ज्याची फी थकलीय त्याचा चेहरा रोज बघितलेला असावा लागतो.

पुस्तक शाळेतून निघालं होतं, ते शाळेतच परत गेलं. आचार्य अत्र्यांनी १९५३ मध्ये त्यावर चित्रपट काढला आणि त्याला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याहून मला महत्त्वाचं वाटतं ते प्रकाशभाई मोहाडीकरांनी गुरुजींच्या मागे सुरू केलेलं साने गुरुजी कथामालेचं काम. कार्यक्रम अगदी साधा: शाळेत ठरलेल्या दिवशी मुलं जमवायची, एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी ऐकायची. सामान लागत नाही, अनुदान लागत नाही. छात्रालयातली रात्र दिवसा भरवायची. महाराष्ट्रातल्या शेकडो शाळांत पिढ्यान्पिढ्या हे चाललं, आणि नाशिकरोडच्या शाळाही त्याला अपवाद नव्हत्या.

नाशिकरोडची शाळा म्हणजे एक वेगळीच मिसळ असते, ते सांगायला हवं. एका बाकावर प्रेसवाल्याचा मुलगा, शेजारी रेल्वेतल्या गार्डाचा, मागं तोफखान्यातल्या सुभेदाराची मुलगी जिची तीन वर्षांत बदली होणार, आणि सिन्नर फाट्याकडून सायकलवर येणारं शेतकऱ्याचं पोर. एकलहऱ्याचं वीजकेंद्र झालं तशी तिकडचीही आली. १९८२ पर्यंत नाशिकरोड-देवळालीची नगरपालिका स्वतंत्र होती. मग महापालिकेत विलीन झालो. पण प्रेसच्या भोंग्यावर घड्याळ लावायची सवय गेली नाही.

आमच्या शाळेत शनिवारी सकाळची शाळा आणि शेवटचा तास कथामालेचा. मुलं पटांगणात मांडी घालून बसायची, बाईंच्या हातात यादी. आठवीतली एक मुलगी, स्टेजवर बोलताना ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहणारी, श्यामच्या पोहण्याची गोष्ट सांगत होती. फोकाच्या माराशी आली आणि अडली. पुढचं आठवेना. सगळं पटांगण शांत. मग मागून एक सहावीतलं पोर ओरडलं, ‘टाकली ना उडी!’ हशा पिकला, मुलगीही हसली, आणि तिथून गोष्ट तिनं स्वतःच्याच शब्दांत शेवटापर्यंत नेली. पाठ केलेली होती तेव्हापेक्षा फार चांगली.

त्याच वर्षी आम्ही हस्तलिखित काढलं. सुवाच्य अक्षराच्या तीन मुली, चित्रं काढणारा एक, आणि मी शुद्धलेखन तपासायला. कागदाचा प्रश्न आला तेव्हा कुणीतरी म्हणालं, अरे, अर्ध्या वर्गाचे वडील प्रेसमध्ये आहेत, कागद आणायला काय झालं? त्यावर प्रेसवाल्यांची सगळी मुलं एकदम हसली. त्यांना माहीत होतं. नोटांच्या छापखान्यातून बाहेर पडताना रोज झडती होते. कागदाचा कपटाही बाहेर येत नाही. मित्राचे वडील तिथं तीस वर्षं होते आणि त्यांना सुट्टे पैसे मोजतानाही कागदाचा पोत बोटांनी चाचपायची सवय होती. आम्ही शेवटी बिटको चौकातून रेघी कागदाचे दस्ते आणले. ते त्यांनी चिमटीत धरून पाहिले, उजेडात धरले, आणि म्हणाले, ‘चालेल. शाई फुटणार नाही.’ एवढी शिफारस आमच्या हस्तलिखिताला पुरेशी होती.

तेव्हा सुचलं नव्हतं. आता जेलरोडवरून जाताना सुचतं. या भिंतीच्या आत एका माणसानं चार रात्री कागद भरले, आणि हाकेच्या अंतरावर एक कारखाना होता जिथून कागद बाहेर न्यायला बंदी होती. आतून बाहेर आलेला कागद आज कुठल्याही घरात फुकट वाचायला मिळतो.

कथामालेचा तास आता बहुतेक शाळांच्या वेळापत्रकातून गेलाय. शनिवारी स्पर्धा परीक्षेचा वर्ग असतो. हस्तलिखिताच्या जागी स्मार्टफोनवर फिरणारी पीडीएफ असते; तिला वाईट म्हणायचं कारण नाही, पण ती दात घासता घासता उभ्यानं वाचता येत नाही. सध्या शाळांत साने गुरुजी येतात ते २४ डिसेंबरला, फोटोला हार घालण्यापुरते. त्या दिवसांत गॅदरिंगची धांदल असते. फोटो पुन्हा कपाटात जातो.

म्हणून नाशिकरोडच्या मुख्याध्यापकांना एक सांगणं. २४ डिसेंबर बाकी महाराष्ट्राला राहू द्या. आपली तारीख ९ फेब्रुवारी आहे. दहावीवाले तेव्हा पूर्वपरीक्षेतून मोकळे होत असतात, त्यांना सोडून द्या. सातवी-आठवीची मुलं पुष्कळ आहेत. त्या दिवशी फाटकाजवळच्या भिंतीवर एक पान लागू द्या, मुलांच्या हातचं, एका बाजूनं लिहिलेलं. दुसऱ्या दिवशी दुसरं. १३ तारखेच्या सकाळपर्यंत पाच पानं होतील. कागद रेघी चालेल, बिटको चौकात मिळतो.